पिक्चरमधली विहीर

चुन्याच्या रेघेपुढं पाय टाकायचा नाही, हे माझ्या मायला मी सांगितलं. मालकानं नाही, त्याच्या गड्यानं नाही. मी सांगितलं. तिच्या काखेत रिकामी घागर होती, डोक्यावर ऊन होतं आणि विहीर समोर दिसत होती. माय म्हणाली, "का गं?" मी म्हणाले, "कॅमेऱ्यात येत न्हाई त्याच्या पुढचं." तिनं मान हलवली आणि मागं सरली. पोरगी शिकलेली. म्हणते म्हणजे तसंच असेल.

मग पिक्चर काढणाऱ्या दाढीवाल्या साहेबांनी हात वर केला. हिरोईन पुढं, आम्ही वस्तीतल्या सगळ्या बाया तिच्या मागं. पळायचं, घागरी उंच धरायच्या, "पाणी आमचंबी हाय" असं ओरडायचं आणि रेघ आली की थांबायचं. हिरोईन एकटी पुढं जायची. ती पोहरा सोडायची, भरलेला वर ओढायची, घागरीत ओतायची. आम्ही बघत उभ्या. कुणाचा पदर पायात आला, परत. उजेड बदलला म्हणाले, परत. हिरोईनच्या डोळ्यात धूळ गेली, परत. दरवेळी ती भरलेली घागर तिथंच आडवी करायचे, म्हणजे पुढच्या वेळी परत रिकामी. पाणी कोरड्या मातीत जायचं. आम्ही ते जाताना बघायचो आणि मागं जाऊन पुन्हा उभ्या राहायचो.

कौसाकाकू माझ्या शेजारी पळत होती. बापाच्या चुलतभावाची बायको. तिला दिवस गेलेले होते, पोट दिसायला लागलं होतं. तिनं मला हळूच विचारलं, "एक घोट मिळंल का गं?" मी म्हणाले, "सुट्टी झाली की." तेही मीच म्हणाले.

त्या साली लातूर नवा जिल्हा झाला होता. आमचं गाव अहमदपूर तालुक्यात, लोह्याकडं जाणाऱ्या रस्त्याला. आधीचा जिल्हा उस्मानाबाद, त्याचं तोंड आमच्यात कुणी पाहिलं नव्हतं. आता कलेक्टर लातुरात बसणार म्हणून मालकानं गावात पेढे वाटले. आमच्या वस्तीत त्याचा गडी आला आणि पेढे लांबून पदरात टाकून गेला. आम्ही ते खाल्लेही. पेढा गोड होता, त्याचा काय दोष. पाऊस मात्र नवा जिल्हा बघायलासुद्धा आला नाही. गावातले आड आटले, आमच्या वस्तीचा आड तर होळीच्या आधीच बसला. बाया पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायच्या. पाणी उरलं होतं ते एकाच विहिरीला.

ती विहीर सरकारनं खोदलेली. पण चारी बाजूंनी मालकाचं वावर, म्हणून विहीर मालकाची. आमच्या बायांनी सकाळी जायचं, बांधाखाली घागरी मांडायच्या आणि बसायचं. मालकाचा गडी येईल, नाहीतर गावातली कुणी बाई पाण्याला येईल, तिच्या मनात आलं तर ती वरून आमच्या घागरीत ओतणार. ह्याला आम्ही पाणी वाढणं म्हणायचो. मागायचं नसतं. नुसतं बसायचं. तोंडाळ बाईची घागर शेवटी, कधी कधी तशीच परत. माझ्या मायनं मला लहानपणी चालायला शिकवलं, बोलायला शिकवलं आणि बांधाखाली गप्प बसायलाही शिकवलं.

मी नांदेडला वसतिगृहात राहून मॅट्रिकपर्यंत शिकले होते. दुष्काळ पडला तसं बापानं घरी बोलावून घेतलं. नांदेडला मी दोन गोष्टी शिकले. एक, हिंदी. दुसरं, पिक्चर. आम्ही पोरी वॉर्डनबाईंची नजर चुकवून पिक्चरला जायचो आणि एकदम पुढच्या बाकड्यावर मान वर करून बसायचो. मला गाण्यांचे पिक्चर आवडत नसत. मला बाई चवताळते ते पिक्चर आवडायचे. ती आधी सोसते, सोसते, मग एकदा वळून बघते आणि हातात विळा घेते. सगळं थेटर शिट्ट्या मारतं. मी शिट्टी मारायला तिथंच शिकले. रात्री गादीवर पडलं की मीच ती बाई असायचे. अशा बाईला दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं, हे मी एकदाही मनात आणलं नाही. पिक्चर तिथंच संपायचा, दिवे लागायचे, आम्ही वसतिगृहात परत.

त्यामुळं मुंबईची माणसं गावात आली तेव्हा मी हवेतच होते. त्यांचा सिनेमा कशावर, तर आमच्यासारखी एक बाई आपल्या हक्कानं विहिरीवर जाते आणि पाणी भरते, ह्यावर. साहेब खांद्याला झोळी लावायचे, आमच्याशी "अहो ताई" म्हणून बोलायचे. आमच्या आयुष्यात आम्हाला अहो म्हणणारा तो पहिला माणूस. मला हिंदी येतं, पुस्तकी मराठीही येतं म्हणून त्यांनी मला आपल्या आणि बायांच्या मधे ठेवलं. त्यांचं म्हणणं मी बायांना सांगायचं. मी कामावरच्या बायांना गोळा केलं, घरोघर जाऊन समजावलं. आपला पिक्चर आहे, म्हणाले. सगळा मुलूख बघंल, म्हणाले.

काही गोष्टी तेव्हाच खटकायला हव्या होत्या. कपडे बघणाऱ्या बाईला हिरोईनसाठी खरीखुरी झिजलेली साडी पाहिजे होती. तिनं कौसाकाकूच्या अंगावरची मागून घेतली, बदल्यात नवी दिली. मग ती जुनी साडी त्यांनी औषध घातलेल्या पाण्यात उकळली, वाळवली, परत उकळली, तेव्हा कुठं हिरोईन नेसली. सकाळी तिच्या तोंडाला, मानेला, हातापायाला डबीतलं काळं लावायचे. आमचा रंग डबीत मिळतो हे मला तिथं कळलं. मी हसले होते. कौसाकाकू हसली नाही. नवी साडी तिनं घडी घालून ठेवून दिली, नेसली नाही.

दुपारची सुट्टी झाली. बाया लिंबाखाली बसल्या. जीभ टाळूला चिकटलेली. पाण्याचा टँकर मुंबईच्या माणसांसाठी होता आणि तो रिकामा झालेला. मी साहेबांकडं गेले. म्हणाले, साहेब, दोन घागरी ओढून आणते, विहीर तर समोरच आहे. साहेब जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला. माझ्याकडं न बघता त्यांनी सांगितलं की मालकांनी विहीर एका अटीवर दिली आहे. नटीनं पाणी भरायला हरकत नाही, ती त्यांच्यातलीच आहे. वस्तीतल्या बायांचा हात पाण्याला लागायला नको.

मला आधी समजलंच नाही. मी विचारलं, मग ती रेघ? तुम्ही तर कॅमेऱ्यासाठी म्हणाला होता.

साहेबांचा चेहरा उतरला. वाईट माणूस नव्हता तो, हे मी आजही म्हणते. ते म्हणाले, "हा सिनेमा तुमच्यासाठीच करतोय ना आपण? मग दोन दिवस सांभाळून घे."

तुमच्यासाठीच. मी लिंबाखाली परत आले. माय माझ्याकडं बघत होती, पाणी आणलं का म्हणून. माझे हात रिकामे. आजवर ज्यांनी आम्हाला बांधाखाली बसवलं त्यांनी निदान खरं सांगून बसवलं होतं. मी माझ्या मायला कॅमेऱ्याचं नाव सांगून उभी केली. मालकाचं काम मालकापेक्षा बरं केलं. मायला ह्यातलं काही सांगायचं धाडस मला झालं नाही. मी कुणालाच काही सांगितलं नाही. आता हे लक्षात ठेवा, कारण माझी खरी चूक ती आहे.

दुपारनंतर पुन्हा तोच प्रसंग. मालक छत्रीखाली खुर्ची टाकून बसला होता, हातात सरबताचा पेला. हात वर झाला. आम्ही पळालो. "पाणी आमचंबी हाय." रेघ आली, बाया थांबल्या. मी थांबले नाही.

हिरोईन पोहरा ओढत होती. मला शेजारी बघून तिचा हात थबकला. मी दोर हातात घेतला. ती बाजूला सरली. मी पोहरा वर घेतला, माझ्या घागरीत ओतला, ओंजळ भरली आणि प्याले. थंड पाणी. ह्या विहिरीचं पाणी मी जन्मभर प्यालेले, पण वरून पडलेलं. खालून ओढलेलं पहिल्यांदा. साहेबांचा हळू आवाज ऐकू आला, "कॅमेरा चालू ठेवा." त्यांना ते आवडलं होतं. आणि खोटं कशाला बोलू, मलाही आवडलं होतं. कुठंतरी शिट्ट्या वाजत आहेत असं मला वाटलं. मी मागं वळून बघितलं नाही. पिक्चरमधली बाई बघत नसते.

मालक उठला. त्यानं आवाज चढवला नाही. माझी घागर लाथेनं उलटी केली आणि साहेबांना म्हणाला, "सायेब, तुमचा पिक्चर झाला की तुमी जाणार. आमाला हितंच ऱ्हायाचंय." मग माझ्याकडं बोट केलं. "हिलाबी हितंच ऱ्हायाचंय."

साहेब त्याच्या मागं मागं गेले, हात जोडत. आमच्याकडं कुणी आलं नाही. उरलेला प्रसंग त्यांनी गावातल्या दुसऱ्या बाया उभ्या करून घेतला आणि सामान गाड्यांत भरून गेले. चुन्याची रेघ पुसायला कुणाला वेळ नव्हता.

दुसरी सकाळ झाली. जिचा मी कधी विचार केला नव्हता ती सकाळ. बाया घागरी घेऊन बांधाखाली जाऊन बसल्या. ऊन वर आलं. गावातल्या बाया आल्या, आपापलं पाणी भरून गेल्या. एकीनंही आमच्याकडं बघितलं नाही. मालकाचं फर्मान होतं, वस्तीला पाणी वाढायचं नाही. त्या दिवसापासून आमच्या बाया मन्याड नदीच्या पात्रात जायला लागल्या. वाळूत झिरा उकरायचा, वाटीवाटीनं गढूळ पाणी गोळा करायचं, ते घेऊन काठाची दरड चढायची आणि मग खडी फोडायला जायचं. मला कुणी काही म्हणालं नाही. एकीनं तरी शिवी द्यायला पाहिजे होती. फक्त कौसाकाकूची सासू एकदा घागर उतरवताना म्हणाली, "शिकलेली पोर हाय बाबा." बस्स, तेवढंच.

मी कौसाकाकूच्या वाट्याचं पाणी आणायला बघायचे. ती आणू द्यायची नाही. एके सकाळी मी झिऱ्यावर पोचायच्या आत ती भरून निघाली होती. दरडीवर पाय सरकला. घागरीसकट खाली आली. बैलगाडीनं रस्त्यापर्यंत, तिथून मिळेल त्या जीपनं लातूरला दवाखान्यात नेलं. मी बरोबर होते. नव्या जिल्ह्याच्या कचेरीवरच्या पाटीचा रंगही सुकला नसेल तेव्हा. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन त्या पाटीसमोरून गेले. काकू वाचली. लेकरू गेलं. मुलगी होती.

त्या दिवसापासून मला माझा स्वतःचा हात बघवेना. ह्याच हातानं दोर धरला होता. मी पाणी प्याले एक ओंजळ आणि किंमत मोजली तिनं. रात्री जेवण जायचं नाही, मायनं दिलेली भाकरी मी तशीच झाकून ठेवायचे. माय बोलत नव्हती. बाप दिवसभर बाहेर.

मग मालकाचा मुकादम निरोप घेऊन आला. मालकाचं मन मोठं आहे, म्हणाला. सोमवारी मारुतीच्या पाराजवळ यायचं, सगळ्या गावादेखत पायावर डोकं ठेवायचं, चुकलं म्हणायचं. मंगळवारपासून पाणी सुरू. मी तिथल्या तिथं हो म्हणाले. खरं सांगते, मला हलकं वाटलं. शिक्षा पाहिजेच होती मला, कुणी का देईना.

संध्याकाळी कौसाकाकूकडं गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्यासमोर बसून म्हणाले, काकू, माझ्यामुळं झालं सगळं. सोमवारी पाया पडते त्याच्या, पाणी सुरू होईल. मला वाटलं ती रडेल, नाहीतर माझ्या डोक्यावर हात ठेवेल. तिनं दोन्ही केलं नाही.

"तू त्या दिशी इचारलं न्हाईस," ती म्हणाली.

"रेघ कशाची हाय ते तुला ठावं होतं. आमाला सांगितलं न्हाईस. एकटीच गेलीस. आमी सगळ्या मागं येड्यावानी उभ्या. सांगितलं असतंस तर आलो असतो का न्हाई, ते आता कुणाला कळायचं?" तिला दम लागला. ती थांबली, परत बोलली. "आता पाया पडायचं ठरवून आलीस. आताबी कुणाला इचारलं न्हाईस. पाणी तुझ्या एकटीचं हाय का? लेकरू तर माझं व्हतं."

माफी मागितली मी तिची. ती म्हणाली, "माफी न्हाई देत जा. मला अजून राग हाय." आणि तोंड भिंतीकडं केलं.

मी तिच्या दारातून उठले. पहिल्यांदा मायकडं गेले आणि रेघेचं खरं सांगितलं. मायनं ऐकून घेतलं. म्हणाली, "मला वाटलंच हुतं. तू म्हणलीस म्हणून थांबले." हे ऐकून मला जे झालं ते लिहिता येत नाही. मग एकेका घरी गेले. प्रत्येकीला सांगितलं, मी काय लपवलं, मालक काय मागतोय, आणि विचारलं, काय करू? कौसाकाकूच्या सासूनं सरळ सांगितलं, पाया पड, माझ्यानं दरड चढवत न्हाई. तिचं खोटं नव्हतं. एक जण म्हणाली, विचार करते. एकीनं दार लावून घेतलं. बाकीच्यांनी भांडण केलं माझ्याशी, माझ्यावर तोंडसुख घेतलं, आणि शेवटी एकेक करून म्हणाल्या, पाया पडायचं न्हाई.

सोमवारी पाराजवळ गाव जमलं होतं. मालक वर बसलेला, चपला काढून पाय पुढं केलेले. आमच्या बाया घागरी घेऊन माझ्या मागं होत्या. कौसाकाकू नुकतीच उठती-बसती झाली होती, तरी आली होती. मला नको म्हणायचं होतं तिला, पण मी विचारल्याशिवाय ठरवायचं सोडलं होतं. मुकादम म्हणाला, हं, वाक. भीती वाटत होती, लपवत नाही.

मी म्हणाले, "मालक, माझी चूक झालीय. पर ती ह्या बायांची झालीय. त्यांना मी जाब देईन जल्मभर. तुमचं मी काय बी बिघडवलं न्हाई. विहीर सरकारची हाय."

मालक मुकादमाकडं बघत राहिला, मी नसल्यासारखा. आम्ही तिथून वळलो आणि विहिरीकडं निघालो. गड्यांनी पोहरा काढून ठेवला होता. बायांनी कामावरचे दोर आणले होते, ते एकमेकांना जोडून घागरी विहिरीत सोडल्या. पहिली घागर कौसाकाकूच्या सासूसाठी भरली, जी आली नव्हती. गड्यांनी काही घागरी फोडल्या. एका बाईच्या डोक्याला लागलं. दुसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो, तिसऱ्या दिवशी लातूरला कलेक्टर कचेरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो, आणि कुणी उठवलं तरी उठलो नाही.

पुढं तो सिनेमा नांदेडला लागला होता म्हणे. हिरोईन एकटी विहिरीवर जाते, पाणी भरते आणि पडदा काळा होतो. लोक उठून टाळ्या वाजवतात. मी बघायला गेले नाही. कौसाकाकूनं मला अजून माफ केलेलं नाही आणि ती माफी मी तिच्याकडं परत मागितलीही नाही. हा अपराध माझा आहे, तो मी उचलून चालते. पण तो मालकाच्या पायावर ठेवणार नाही. आणि ह्यापुढं ज्या विहिरीवर जाईन, तिथं शेजारणीला विचारून जाईन, ती नाही म्हणाली तर तिच्याशी भांडून जाईन, पण तिला अंधारात उभी करून एकटीनं शूर होणार नाही.